आमचा फुटबॉल सीझन: तीन दिवस, चार मॅच आणि एक पुसलेली रेघ

मधली_फळी
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजचा माजी विद्यार्थी. नोकरी गावातच मिळाली, त्यामुळे गेली चार वर्षं सकाळी साडेपाच ते सात कॉलेजच्या फुटबॉल टीमबरोबर असतो. कोच म्हणा हवं तर, पण पत्र-बित्र काही नाही. गेटवरचे मामा 'फुटबॉलवाले सर' म्हणतात, तेवढंच माझं पद.

यंदाचा सीझन सांगतो. जूनअखेर सुरुवात केली तेव्हा २६ पोरं आली. ऑगस्टपर्यंत १७ उरली. विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याकडे ऑक्टोबरात, म्हणजे परतीचा पाऊस आणि सेमिस्टरचे फॉर्म एकदम. पहिली मॅच ३-०. क्वार्टर फायनल १-०, तीही समोरच्याच्या चुकीवर. सेमी फायनल दुसऱ्या दिवशी दुपारी. तासभर आधी जो पाऊस झोडपून गेला, त्यात चुन्याच्या रेघा वाहून गेल्या. मैदान काळ्या मातीचं. दहा मिनिटांत प्रत्येकाच्या बुटाला पाव-पाव किलो माती.

१-१ बरोबरी, मग पेनल्टी. चार-चार किकनंतर ३-३. त्यांची पाचवी किक आमच्या गोलकीपरनं उजवीकडं झेपावून अडवली. त्याला आम्ही 'टॉवेल' म्हणतो. एक तर वडील टॉवेलच्या लूमवर आहेत, आणि दुसरं म्हणजे पडतो तेव्हा वाळत घातल्यासारखा पसरतो. आम्ही नाचायला लागलो आणि रेफरीनं हात वर केला: कीपर रेषेच्या पुढं आला, किक परत. परतच्या किकवर गोल. आमची पाचवी क्रॉसबारला लागून थेट वर. खलास.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाची मॅच २-० जिंकली, पण ती कुणी बघितलीसुद्धा नाही.

आता मुद्दा. १७ पैकी ९ जण यंदा शेवटच्या वर्षाला. कॉलेजात कुजबुज अशी की फुटबॉलला खर्च फार आणि हातात काही नाही, त्यापेक्षा पुढच्या वर्षीपासून कबड्डीवर जोर द्यावा. आणि मलाही आता प्रश्न पडलाय. वर्षभर पहाटे उठून तीन दिवसांचा सीझन खेळायचा, तो पण नॉकआउट. हरलात की पुढच्या ऑक्टोबरपर्यंत बसा. एवढ्यासाठी टीम चालवावी का? की पोरांना सरळ टर्फवर पाठवून आपण झोपावं?

शेंगाचटणी
पहिला प्रतिसाद माझा! पहिला प्रश्न: जी रेघ वाहून गेली, त्या रेघेच्या पुढं माणूस कसा येतो बे?

पार्कचा_पॅव्हेलियन
क्रिकेट खेळा. क्रीज पुसली तर अंपायर परत आखून घेतो. 😄
सोलापूर हे क्रिकेटचं गाव आहे हो. पॉली उम्रीगर इथंच जन्मले, ५९ कसोटी खेळले. फुटबॉलचं गाव पलीकडे आहे, पंचगंगेच्या काठी.

भावा_कोल्हापूर
कुणीतरी आमची आठवण काढली वाटतं. 🙏

मधली_फळी भावा, वाईट वाटलं वाचून. पण खरं सांगू का, तुमचं दुखणं पेनल्टीचं नाहीच. आमच्याकडं केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) सीनियर लीगमध्ये १६ टीम. लीग झाली की चषकांच्या स्पर्धा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी मंडळ, प्रॅक्टिस... पोरगं पेठेत जन्मलं की कुठल्या तालमीचं ते ठरलेलं. एका पेनल्टीवर हरलं तर दुसऱ्या आठवड्यात उट्टं काढायला मॅच असते. कॉलेजची स्पर्धा आमच्या पोरांना वर्षातली एक जास्तीची स्पर्धा. तुमच्या पोरांची ती एकच. एकाच पेपरवर वर्षाचा निकाल लागला तर कुणालाही धाप लागंल की.

अनिकेत जाधव आमच्याकडचाच, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. आमच्याकडं दुसरीतल्या पोराला पण हे पाठ असतंय.

शेंगाचटणी
आलं कोल्हापूर. आता रस्सा येईल, मग कुस्ती येईल, मग धागा पन्हाळ्यावर जाईल.

गिरणगावकर
पार्कच्या पॅव्हेलियनवाल्यांना एवढंच सांगतो की सोलापुरात फुटबॉल नव्हता असं नाही. माझं लहानपण रेल्वे लाइन्सच्या बाजूला गेलं. संध्याकाळी ड्यूटी संपवून आलेली रेल्वेची माणसं आणि आम्ही पोरंटोरं एकत्र खेळायचो. त्यातले काही अनवाणी, काही ऑफिसच्या बुटात. घड्याळ कुणाकडं नसे. गिरणीचा भोंगा झाला की मॅच संपली, मग स्कोअर काही असो. हरणारे म्हणायचे भोंगा लवकर झाला. जिंकणारे म्हणायचे गिरणीवाले तुझे पाहुणे आहेत का, जाऊन विचार.

भोंगे गेले. गिरण्या गेल्या. रेफरीवर चिडायची सोय तेवढी राहिली. 🙂

निवृत्त_शिट्टी
रेफरीवर चिडायची सोय म्हणालात म्हणून लिहितो. जिल्ह्यात वीसेक वर्षं शिट्टी वाजवली, आता गुडघ्यानं लाल कार्ड दाखवलंय. ती मॅच माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

पूर्वी किक बसेपर्यंत कीपरनं रेषेवर राहायचं, एवढाच नियम होता आणि तो कुणी फारसा पाळत नसे. २०१९ पासून जरा सैल केला. किक बसण्याच्या क्षणी एका पायाचा थोडा भाग जरी रेषेवर असला, किंवा पाय उचललेला असेल तर रेषेच्या वरती असला, तरी पुरे. दुसरा पाय पुढं चालतो. पण सैल केला म्हणून बघायला कडक झाला. कीपर दोन्ही पायांनी पुढं आला आणि बॉल अडवला, तर किक परत. पहिल्या वेळी नुसती समज, परत केलं तर पिवळं. बॉल बाहेर गेला किंवा पोलला लागून परतला, तर सहसा परत किक देत नाहीत.

आता शेंगाचटणींचा प्रश्न, जो खरं म्हणजे चांगला आहे. गोलरेषेची जाडी पोलाच्या जाडीएवढीच असते, जास्तीत जास्त १२ सेंटीमीटर. म्हणून रेघ पुसली तरी पोल असतात ना. असिस्टंट रेफरी पेनल्टीच्या वेळी गोलरेषेच्या लायनीत, बाजूला उभा असतो. त्यानं जवळचा पोल आणि लांबचा पोल एकामागं एक धरला की रेघ आपोआप दिसते. सुताराला विचारा, फळी सरळ आहे का ते तो असंच एक डोळा मिटून बघतो.

आणि मधली_फळी, तुम्ही होता बाजूला, मध्यरेषेजवळ. म्हणजे गोलपासून पन्नासेक मीटर. तिथून टॉवेलचे पाय कुठं होते हे तुम्हाला दिसणं शक्यच नाही. रेघ असती तरी.

मधली_फळी
सर, मान्य, मला दिसलं नाही. पण पोरगं रात्री साडेदहापर्यंत मैदानाबाहेरच्या कट्ट्यावर बसून होतं. एकच वाक्य, "सर, मी मागंच होतो." त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला नको का?

आणि रेषा परत आखायला दहा मिनिटं लागली असती. चुना संपला होता म्हणे.

निवृत्त_शिट्टी
चुना संपला असेल तर मात्र तुमची तक्रार रास्त आहे. रेषा परत मारून घ्यायला हव्या होत्या. तिथं मी तुमच्या बाजूनं.

लूमवाला
टॉवेल हे नाव वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. मी पण पूर्व भागातला, घरी लूमच.

आमच्या वेळची टीम आठवली. घरी तेलुगू, मैदानावर मराठी, शिव्या कन्नडमध्ये. बचावफळीत आम्ही चौघं: एक अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा, दोघं आम्ही, आणि एक उर्दूवाला, विजापूर वेशीतला. कॉर्नर आला की 'मागं बघ' हे तीन भाषांत एकदम ओरडलं जायचं आणि समोरच्या टीमचा फॉरवर्ड आधी वळून मागं बघायचा. दोन गोल तर त्यामुळेच वाचले असतील.

घरचा प्रश्न वेगळाच असायचा. लूम सकाळी सातला चालू. साडेपाच ते सात ही वेळ तुम्ही का धरली ते मला कळलं, इतरांना कळलं असेल की नाही माहीत नाही. संध्याकाळची प्रॅक्टिस ठेवली तर अर्धी टीम कामावर असते.

मधली_फळी
बरोबर ओळखलंत, लूमवाला. सध्याच्या १७ पैकी ६ जण कॉलेज करून काम करतात. दोघं लूमवर, एक चादरीच्या दुकानात, एक रात्री एटीएमवर. तो रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येतो आणि वॉर्मअपमध्ये डुलक्या देतो. लेफ्ट विंगवर त्याच्याइतकं जोरात पळणारं दुसरं कुणी नाही.

कृष्णकमळ
मुलींची गोष्ट कुणी सांगितलीच नाही अजून, म्हणून मी लिहिते.

आमच्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम म्हणजे खो-खोची टीम अधिक हँडबॉलच्या तिघी अधिक मी. फुटबॉल येणारी मी एकटीच, कारण भाऊ खेळायचा. खो-खोवाल्या पळायच्या भन्नाट, पण बॉल पायात आला की त्यांना खांबाकडे वळावंसं वाटायचं. त्या वर्षी स्पर्धेला मुलींच्या दोनच टीम आल्या. म्हणजे थेट फायनल! आम्ही ९-० हरलो आणि उपविजेत्या झालो. कॉलेजच्या फलकावर खडूनं नावं, सत्कार, शाल, नारळ सगळं. आमच्या सरांनी भाषणात सांगितलं, "फायनलमध्ये थोडक्यात हार." नऊ म्हणजे थोडकं.

हसण्यावारी नेलं तरी एक सांगते. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. म्हणून आम्ही सकाळपासून पाणी प्यायचो नाही. सोलापूरच्या उन्हात. दुसऱ्या हाफमध्ये चौघींना क्रॅम्प आले त्याचं कारण 'स्टॅमिना कमी' असं लिहिलं गेलं. मधली_फळी, तुम्ही टीम ठेवायची का विचारताय. ठेवा, आणि मुलींचीही सुरू करा. आधी ही सोय बघा मात्र.

निवृत्त_शिट्टी
कृष्णकमळ, मुलींच्या मॅच मीही केल्यात. पाण्याचं हे कधी डोक्यातच आलं नाही. वाईट वाटलं.

आई_आणि_जर्सी
मी रोज वाचते, लिहीत नाही. पण कुणाला तरी हे सांगायलाच हवं: पांढरी जर्सी कुणी ठरवली?

माझा मुलगा एका कॉलेजच्या टीममध्ये आहे (कुठल्या ते सांगत नाही, तो पण इथं असेल). काळ्या मातीत खेळून आलेली जर्सी लगेच पाण्यात टाकू नका. सगळ्या आया हेच चुकतात. चिखल पाण्यात विरघळून धाग्यात शिरतो आणि मग जात नाही. तारेवर टांगून कडक वाळू द्यायची. वाळली की झटकायची, जुन्या टूथब्रशनं घासायची, मातीचे पापुद्रे सुटून पडतात. मगच पाणी. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, नाहीतर बाल्कनीत कुणी बसू शकत नाही.

राहिला तुमचा प्रश्न. हा मुलगा अकरावीला असताना सकाळी आठला उठवताना घसा बसायचा माझा. आता पावणेपाचला स्वतः उठून गॅसवर दूध ठेवतो. भाकरी-चटणी बांधून नेतो, त्यात चार जणांची जास्त असते, हे मला तीन महिन्यांनी कळलं. तीन दिवसांचा सीझन असेल तुमच्यासाठी. माझ्या घरात तो जूनपासून चालू होता.

शेंगाचटणी
ताई, चटणी कुठली? आयडीचा प्रश्न आहे.

आई_आणि_जर्सी
घरची. उखळात कुटलेली. मिक्सरवाली खाऊन गोल अडत नाहीत.

पीडी_सर
मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. थोडं रोखठोक लिहितो.

'खर्च फार' यात अगदीच तथ्य नाही असं नाही. कबड्डीला १२ पोरं, फुटबॉलला १८. प्रवास, जेवण, किट सगळं दीडपट. आमच्या मैदानावर बॉल दोन-अडीच महिन्यांत सालपटं काढतो, कारण खाली माती नाही, मुरूम आहे. मॅनेजमेंट विचारते, पदक किती? फुटबॉलमध्ये जिल्ह्यात तिसरं येऊनही हातात काही नसतं, हे आपलं दुर्दैव.

पण ही स्पर्धा फक्त ढालीसाठी नसते. विद्यापीठाचा संघ त्यातूनच निवडतात आणि तो पुढं पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळतो. तिथं महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथल्या विद्यापीठांचे संघ भेटतात. सेमीत हरलेल्या टीममधलीही पोरं निवडली जातात. तुमचा कीपर निवडचाचणीला गेला का? नसेल पाठवला तर चूक तुमची, रेफरीची नाही.

दुसरं, नॉकआउट हा सोयीचा प्रकार आहे, शिकायचा नाही. आमच्या भागात आम्ही एकदा सहा टीम गोळा केल्या. गावातल्या दोन, कॉलेजच्या तीन, एक पोलीस भरतीच्या ॲकॅडमीची. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर १५ मॅच. रविवारी दोन-दोन घेतल्या की आठ रविवार. प्रत्येक टीमला पाच मॅच हमखास. ना ढाल, ना पाहुणे, ना सत्कार. रेफरीला पेट्रोल आणि नाश्ता. झाली की नाही लीग?

पार्कचा_पॅव्हेलियन
सहाव्या रविवारी किती टीम उरल्या होत्या ते पण सांगा की सर.

पीडी_सर
चार. 😐 ॲकॅडमीवाल्यांची भरती आली आणि एका गावात जत्रा. पण चार टीमच्या मॅच पूर्ण झाल्या.

भावा_कोल्हापूर
पीडी सर बरोबर बोलले. आणि टर्फचा नाद सोडा म्हणावं. आमच्याकडं पण वाढलेत. सहा-सहा जण, जाळीच्या पिंजऱ्यात, बॉल बाहेर जातच नाही. ऑफसाइड नाही, थ्रो-इन नाही. तिथं वाढलेलं पोरगं मोठ्या मैदानावर आलं की वीस मीटरच्या पुढं पासच देत नाही आणि डिफेंडरच्या मागं जाऊन आरामात उभं राहतंय. झेंडा वर झाला की आपल्यालाच विचारतंय, काय झालं?

मधली_फळी
अगदी अगदी. आमचा एक स्ट्रायकर यंदा एका मॅचमध्ये सात वेळा ऑफसाइड. हाफटाइमला पाण्याच्या बाटल्या मांडून समजावलं. त्यानं सगळं ऐकलं, मान डोलावली, एक बाटली उचलून प्यायला. नेमका तो शेवटचा डिफेंडर होता.

पीडी सर, टॉवेल चाचणीला गेला नाही. मी फॉर्म भरला होता, पण तो म्हणाला मन लागत नाही. मी फार ताणलं नाही. तुमचं वाचून आता वाटतंय ताणायला हवं होतं.

बाराबंदी
मध्येच घुसतो. प्रॅक्टिस कुठं करता? आम्ही होम मैदानावर करायचो तेव्हा जानेवारी म्हणजे सुट्टी. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, सुरू झाला की मैदानावर पाळणे, मौत का कुआ, भांड्यांची दुकानं. यात्रा उठली की खरी मजा. स्टॉलवाल्यांचे खिळे, तारा, बाटल्यांच्या काचा. आमचे कॅप्टन स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक दोरीला बांधून आणायचे. सगळी टीम एका रांगेत हात पसरून उभी राहायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून चालायची, मधला माणूस चुंबक ओढत. पहिल्या दिवशी डबाभर खिळे निघाले. ते भंगारात विकून आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली. कॉलेजनं वर्षभरात आम्हाला तेवढं खाऊ घातलं नव्हतं.

आणि आमचा स्टॉपर नंदीध्वज पेलणाऱ्यांतला होता. डिसेंबरपासून त्याचा तिकडं सराव. एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून अनवाणी चालणारा माणूस. त्याला खांद्यानं धक्का देऊन बॉल काढायचा म्हणजे आपणच खाली. सात मानाचे नंदीध्वज, ६८ लिंगांची प्रदक्षिणा. ती करून आला की म्हणायचा, "नव्वद मिनिटं म्हणजे काय बे."

शेंगाचटणी
हा स्टॉपर मला हवाय. कुठं मिळेल?

बाराबंदी
आता किराणा दुकानात बसतो. पोट नंदीध्वजापेक्षा पुढं येतंय.

निवृत्त_शिट्टी
पोट रेषेच्या पुढं चालतं. पायाचं बघतात फक्त.

पार्कचा_पॅव्हेलियन
हा धागा वाचून मी या रविवारी पहिल्यांदा कुठल्यातरी कॉलेजची फुटबॉल प्रॅक्टिस बघायला उभा राहिलो. कबूल करायला लाज वाटते, पण बरी होती. शेजारी आमच्या क्रिकेटच्या पोरांचं नेट चालू होतं. दीड तासात आमच्यातल्या अकरा जणांपैकी सहा जण पूर्ण वेळ उभेच होते.

मधली_फळी
(दीड महिन्यानं लिहितोय, माफी.)

काय झालं ते सांगतो. कॉलेजात बोलून आलो. पीडी सरांचा १५ मॅचचा हिशोब एका कागदावर मांडून नेला होता. लगेच हो म्हणाले नाहीत. 'बघू' म्हणाले. मी जरा गरम झालो आणि परत आलो. दोन दिवसांनी निरोप आला की टीम बंद करत नाही, पण नवे बॉल मिळणार नाहीत, जुन्यांवर भागवा. मुलींच्या टीमचं विचारलं तर स्वच्छतागृहाची किल्ली ऑफिसात असते आणि ऑफिस दहाला उघडतं, हे कळलं. म्हणजे सोय आहे, किल्ली नाही. किल्ली सकाळी मामांकडे ठेवायची असं आता ठरलंय. पाच मुली येतात. त्यातल्या तिघी खो-खोच्या, कृष्णकमळ, हसू नका.

लीग सहा टीमची जमली नाही. तीन जमल्या. तीन टीम म्हणजे तीन मॅच, मग म्हटलं दोनदा-दोनदा खेळू, सहा होतील. दोन झाल्या. एक हरलो, एक बरोबरी. हरल्यावर पोरं पुढच्या आठवड्याचं विचारत होती. याआधी हरल्यावर कधी कुणी पुढचं विचारलेलं मला आठवत नाही, कारण पुढचं काही नसायचंच.

भावा_कोल्हापूर यांनी मला मेसेज करून मैत्रीपूर्ण सामन्याचं विचारलंय. पोरं हवेत आहेत. एकच अडचण, टॉवेल येत नाही. लूमचं कारण सांगतो. नवीन कीपर आहे तो बॉल आला की आधी डोळे मिटतो.

लूमवाला
टॉवेल कुठं राहतो ते मला कुणी सांगू नका, पण त्याच्या वडिलांना मी बहुतेक ओळखतो. टेरी टॉवेलचे मोजके लूम आहेत आमच्या गल्लीत. बोलून बघतो.

टॉवेल_०१
नमस्कार सर. कालच खातं उघडलं. काकांनी धागा दाखवला. सगळा वाचला.

शिट्टी काकांनी दोन पोलांचं लिहिलंय, तसंच मी तेव्हाच मैदानावर जाऊन बघितलं होतं. दोन्ही पोल एकामागं एक धरले आणि पाय जिथं रुतले होते ती जागा बघितली. मॅचनंतर पाऊस आला नव्हता, त्यामुळं खड्डे तसेच होते. मी दीड पाऊल पुढं होतो. दोन्ही पाय.

त्या रात्री मी मागं होतो म्हणलो ते मला तसं वाटलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबरच्या मॅचच्या आधी जाऊन बघितलं. मग सांगायचं कसं, सगळे माझ्या बाजूनं भांडत होते. आई पण त्या रेफरीला बोलत होती. म्हणून येत नव्हतो. लूमचं कारण खोटं आहे, लूम सातलाच सुरू होतो.

शेंगाचटणी
...

निवृत्त_शिट्टी
पोरा, त्या असिस्टंट रेफरीला मी ओळखतो. त्यालाही त्या रात्री झोप आली नव्हती. त्याला हे कळवू का?

टॉवेल_०१
कळवा काका. सॉरी म्हणा माझ्याकडून.

मधली_फळी
उद्या साडेपाच. चुन्याची पिशवी माझ्या गाडीच्या डिक्कीत आहे. गोलरेषा तू मार.

नवीन कीपरला डोळे उघडे ठेवायला पण तूच शिकव, मला जमेना.

आई_आणि_जर्सी
(मी त्याची आई नाही. आधीच सांगते, नाहीतर सगळे विचारतील.)
जर्सी पांढरी नको एवढं बघा.

भावा_कोल्हापूर
ते सगळं झाकास. पण रविवारी एकूण किती जण येताय ते फिक्स सांगा, मुली धरून. रश्श्याचा अंदाज द्यायचा आहे. तिखट चालतंय ना सोलापूरकरांना?

शेंगाचटणी
काय विचारलालास बे.